कुऱ्हाडीवरचा कर

कराचे नाणे प्रभू येशूपुढे आणले गेले, तेव्हा त्याने प्रथम त्यावरील मुद्रेविषयी विचारले. कर द्यावा की न द्यावा, ह्याआधी ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न आला. आम्हांला तो क्रम महत्त्वाचा वाटतो. मालमत्तेच्या हक्काचा दाखला देऊन कराला चोरी ठरवणारे पंडित मालकी आधीच ठरलेली आहे असे गृहीत धरतात.

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्याच्या रानात ती ठरलेली नव्हती. हा मुलूख जुन्या चांदा जिल्ह्यातील अहेरी जमीनदारीचा. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८५८ साली बाबुराव शेडमाके फासावर गेले, हे त्या भागात सर्वांना ठाऊक असते. पुढे जे घडले ते रक्त न सांडता घडले, म्हणून त्याची कथा होत नाही. मध्य प्रांताच्या डोंगरी भागांत जमीन न मोजता नांगरावर आणि कुऱ्हाडीवर कर घेण्याची रीत होती. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले ठरली. लाकडावर वनखात्याचा हातोडा उमटू लागला. गोंड-माडिया कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रानातून जळण, गवत, बांबू, मोहफुले आणीत आली होती. जो त्यांचा वहिवाटीचा निस्तार, ती आता सरकारची सवलत झाली. चराईला आणि मोळीला पैसे पडू लागले. ह्याला कर म्हणावे की स्वतःच्याच घराचे भाडे?

१९५१ साली जमीनदारी संपली. जमीनदाराला भरपाईचा हक्क मिळाला. निस्तार करणाऱ्याच्या हाती कागदावरची नोंद आली. मालकीचा कैवार घेणाऱ्यांनी ह्या मालकीसाठी लेखणी झिजवल्याचे आमच्या वाचनात नाही.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात ह्याचा निवाडा केला होता. लोकहितासाठी जे न्याय्य देणे आहे ते राजाने बळाने घेतले तरी ती लूट नव्हे; त्यापलीकडे घेतले तर मात्र लूटच, आणि ती साध्या दरोडेखोराहून वाईट. पोप तेरावे लिओ ह्यांनीही १८९१ च्या परिपत्रकात खाजगी मालकी निसर्गदत्त मानली, पण कर नाकारला नाही. कराच्या नावाखाली वाजवीहून अधिक घेणे तेवढे अन्याय्य ठरवले.

मुलचेऱ्यात ही कसोटी सोपी राहत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे १९६० च्या दशकापासून येथे वसवली गेली. देशभरच्या करदात्यांच्या पैशाने बेघरांना घर मिळाले, ह्याहून चांगला विनियोग कोणता? पण जमीन आली ती रानातून.

ह्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे छोटे गोंड गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःचा बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच मागावा लागे. तो देण्याचा अधिकार २०११ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेच्या हाती आला. ह्या गावात मजुरीचा दहावा भाग ग्रामकोशात टाकण्याची रीत आहे. आमच्या वाचकांना दशांशाची आठवण होईल, परंतु येथे तो ठरवतात देणारेच, सर्वांच्या संमतीने, आणि कोशाचा हिशेबही सभेपुढेच येतो. २०१३ साली ह्याच गावकऱ्यांनी आपल्या खाजगी शेतजमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. जंगलाच्या मालकीसाठी ते जवळजवळ तीस वर्षे झगडले होते.