वेळेआधी जन्मलेलं बाळ: ३० दिवसांच्या आत डोळ्यांची तपासणी का गरजेची?

वेळेआधी जन्मलेलं बाळ एनआयसीयूमधून घरी येतं, वजन वाढू लागतं आणि घरच्यांना वाटतं, धोका टळला. पण काही बाळांच्या डोळ्यांत नेमका याच दिवसांत एक आजार वाढत असतो. त्याचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजेच आरओपी. बाहेरून डोळे अगदी नॉर्मल दिसतात. त्यामुळे तपासणीशिवाय तो कळत नाही.

नेमकं काय होतं?
डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण १६व्या आठवड्यापासून वाढू लागतात. पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचायला त्यांना जवळपास पूर्ण दिवस लागतात. बाळ आधीच जन्मलं तर ही वाढ अडखळते. मग नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या ओढीने पडदा सुटू शकतो. तसं झालं तर कायमचं अंधत्व येऊ शकतं.

ऑक्सिजनचा काय संबंध?
गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाल्यास धोका वाढतो. १९५० साली वेळेआधी जन्मलेला अमेरिकी गायक स्टीव्ही वंडर याची दृष्टी याच आजाराने गेली. पण ऑक्सिजन फार कमी केला तर बाळाच्या जिवाला धोका असतो. म्हणून तो बंद न करता मोजून दिला जातो.

कोणत्या बाळांची तपासणी हवी?
जन्म ३४ आठवड्यांच्या आधी झाला असेल किंवा जन्मवजन २ किलोपेक्षा कमी असेल तर तपासणी हवीच. बरेच दिवस ऑक्सिजन लागलेल्या किंवा गंभीर संसर्ग झालेल्या थोड्या मोठ्या बाळांनाही डॉक्टर ती सुचवतात.

कधी करायची?
जन्मापासून ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आधी किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. तोवर बाळ घरी आलेलं असलं तरी तारीख चुकवू नका.

तपासणीत काय करतात?
थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि नेत्रतज्ज्ञ पडदा पाहतात. बाळ रडतं, पण तपासणी काही मिनिटांत संपते. एकदा नॉर्मल आली म्हणून थांबायचं नाही. रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर पुन्हा बोलावतात.

उपचार आहेत का?
आहेत. सौम्य आरओपी बऱ्याचदा आपोआप बरा होतो. गंभीर असेल तर लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन देतात, तेही दोन-तीन दिवसांच्या आत. ‘सव्वा महिना झाल्यावर नेऊ’ असं म्हणत थांबलात तर ही संधी हातची जाऊ शकते. पुढे चष्मा किंवा तिरळेपणाची शक्यता असते, म्हणून शाळेत जाईपर्यंत नियमित तपासणी हवी.

पालकांनी काय करावं?
डिस्चार्जच्या वेळी विचारा: ‘आरओपीची तपासणी झाली का? पुढची तारीख कोणती?’ ती तारीख कार्डावर लिहून घ्या. सोय माहीत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरओपीचा समावेश आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला होता.