जादू दाखवली, आणि जादूची युक्तीही!

१९१७ साली दादासाहेब फाळके यांचा 'लंका दहन' आला. पडद्यावर राम दिसला की लोक पायातल्या चपला काढायचे, असं सांगतात. तो राम होते अण्णा साळुंके, पूर्वी हॉटेलात काम करणारे. आणि गंमत म्हणजे त्याच चित्रपटातली सीताही तेच! पण अंधारात पडदा उजळला की साळुंके उरायचे नाहीत.

डोळ्यांचं हे गणित फाळक्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस फोटोग्राफी आणि छपाई तर करायचाच, शिवाय जादूचे प्रयोगही करायचा. जादूगार म्हणून नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केळफा'. उलटं वाचा, फाळके!

१९१२ मध्ये ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर पाहता पाहता उरकली. ते बघून सावकार पैसे द्यायला तयार झाला, आणि ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

आता नीट विचार करा. वाटाणा खरा होता. प्रत्येक चित्रही खरं होतं. खोटा होता फक्त वेग, म्हणजे मधलं जे गाळलं ते.

आज आपल्या मोबाईलवर येणाऱ्या क्लिपा अशाच असतात. नेता खरा, आवाज खरा, शब्दही खरे. पण तासाभराच्या भाषणातली पंधरा सेकंदं कापून आणली की अर्थ पार फिरतो. त्यावरून गावात दोन गट पडतात, दुकानं बंद होतात. शेवटी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतात ती आपलीच पोरं. क्लिप कापणारा मात्र कधी सापडत नाही.

फाळक्यांचा मोठेपणा इथे कळतो. त्याच १९१७ साली त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा माहितीपटही काढला. चित्रीकरण कसं होतं, फिल्म कशी जोडतात, सगळं लोकांपुढे उघडं केलं. ज्याने भ्रम विकला, त्यानेच तो कसा तयार होतो तेही सांगितलं.

शंभर वर्षांनंतर आपल्या शाळांत मुलांच्या हाती टॅब आले. व्हिडिओ कुठे कापलाय हे ओळखायला मात्र त्यांना कोण शिकवतंय? आणि आपल्याला?

पुढची क्लिप फॉरवर्ड करण्याआधी एकच विचारा : याच्या आधी आणि नंतर काय होतं?