तो दुसरा लुईस सुआरेझ

९ जुलै २०२३ रोजी इटलीत, मिलान शहरात लुईस सुआरेझचं निधन झालं. वय ८८. बातमी अगदी चार ओळींची होती. मी ती घरात मोठ्यानं वाचून दाखवली, तर माझा भाचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, ‘‘मामा, तो चावणारा?’’

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. २०१४च्या विश्वचषकात इटलीच्या खेळाडूला चावला तो सुआरेझ उरुग्वेचा. तोही बार्सिलोनाकडून खेळला. नाव तेच, क्लबही तोच. आजच्या पोरांना तोच माहीत असणार. पण मी सांगतोय तो दुसरा, म्हणजे खरं तर पहिला. लुईस सुआरेझ मिरामोंतेस. युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला तेव्हा मिळणारा ‘बॅलन डी’ओर’ १९६० साली मिळवणारा स्पेनचा मिडफिल्डर. स्पेनमध्ये जन्मलेल्या एकाही पुरुष खेळाडूला पुढची ६४ वर्षं तो पुन्हा मिळाला नाही.

सुआरेझचा जन्म २ मे १९३५चा, ला कोरुन्या या अटलांटिकच्या काठावरच्या बंदरातला. स्पेनचा हा वायव्य कोपरा, गॅलिसिया. वडिलांचं मटणाचं दुकान. पोरगा सव्वा वर्षाचा झाला आणि देशात यादवी युद्ध पेटलं. युद्ध संपलं ते जनरल फ्रँकोची हुकूमशाही बसवूनच. त्या टंचाईच्या काळात रस्त्यावर खेळत तो वाढला आणि अठराव्या वर्षी गावच्या देपोर्तिवो संघातून पहिल्या श्रेणीत उतरला. पहिलाच सामना बार्सिलोनाशी, त्यांच्याच मैदानावर. देपोर्तिवोनं सहा गोल खाल्ले. पण पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, बार्सिलोनानं या मुलाला उचललं.

तिथे राज्य होतं लाझ्लो कुबालाचं. कुबाला हंगेरीतून पळून आलेला निर्वासित. अंगानं दणकट, खेळ अफाट. त्याला बघायला इतकी गर्दी लोटायची की जुनं मैदान अपुरं पडू लागलं आणि १९५७ मध्ये क्लबनं नवं, अवाढव्य ‘कॅम्प नोऊ’ उभं केलं. अशा देवाच्या शेजारी हा सडपातळ, नीटनेटका, शांत डोक्याचा पोरगा. पळण्याआधी विचार करणारा. लोकांत सरळ दोन तट पडले, कुबालावाले आणि सुआरेझवाले. आपल्याकडेही क्रिकेटमध्ये असे तट पडतातच, त्यामुळे हे फार समजावून सांगायला नको. खुद्द त्या दोघांत वैर नव्हतं. पण सुआरेझकडे चेंडू आला की कुबालावाले शिट्ट्या मारायचे. तिकडे शिट्टी म्हणजे शाबासकी नव्हे, ती हुर्यो.

१९५८ मध्ये एलेनियो हेरेरा हा प्रशिक्षक आला. जन्म अर्जेंटिनाचा, वाढला मोरोक्कोत, आणि स्वभाव हुकूमशहाचा. कुबालाशी त्याचं जमलं नाही, सुआरेझवर मात्र त्याचा भारी जीव. १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं बार्सिलोनानं स्पॅनिश लीग जिंकली. १९६०चा बॅलन डी’ओर सुआरेझला मिळाला. दुसरा आला रेआल माद्रिदचा पुस्कास. त्याच वर्षीच्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात या पुस्कासनं एकट्यानं चार गोल मारले होते, तरीही दुसरा!

याच वर्षाची दुसरी बाजू मात्र कडवट आहे. युरोपातल्या देशांची पहिलीवहिली स्पर्धा १९६० मध्ये भरली होती. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनची गाठ सोव्हिएत युनियनशी पडली. संघात दि स्तेफानो, सुआरेझ, हेन्तो. एवढा तगडा स्पॅनिश संघ त्याआधी झाला नव्हता, असं मला तरी वाटतं. मे महिन्यात मॉस्कोला निघायचं, आणि ऐन वेळी फ्रँकोचा हुकूम आला : जायचं नाही. कम्युनिस्टांच्या देशात आपले खेळाडू पाठवणं त्याला नको होतं. स्पेन न खेळताच बाद झाला आणि पुढे सोव्हिएत संघानं तो करंडक उचलला. खेळाडूंना कुणी विचारलं नाही. विचारण्याची पद्धतच नव्हती.

नोव्हेंबरमध्ये त्या माद्रिदशी बार्सिलोनाची युरोपियन कपात गाठ पडली. ही स्पर्धा सुरू झाल्यापासून पाचही वेळा माद्रिदनंच जिंकली होती, तिथे त्यांना कुणी बाद केलंच नव्हतं. माद्रिदमध्ये सामना २-२ सुटला, बार्सिलोनाचे दोन्ही गोल सुआरेझचे. घरचा सामना २-१ जिंकून बार्सिलोनानं माद्रिदला पहिल्यांदा घरी पाठवलं.

अंतिम सामना ३१ मे १९६१ला, स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात, पोर्तुगालच्या बेनफिकाशी. बार्सिलोनाचे कोचिस आणि त्सिबोर हे दोघे हंगेरीचे. याच मैदानावर १९५४च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ते जर्मनीशी ३-२ असा हरले होते. आता पुन्हा तेच मैदान. दोघांनीही एकेक गोल केला, आणि बार्सिलोना हरली ३-२! गोलचे खांब तेव्हा चौकोनी लाकडी होते. बार्सिलोनाचे फटके पुनःपुन्हा त्यांच्यावर आदळून मैदानात परत येत राहिले. खांब गोल असते तर चेंडू आत गेला असता, असं बार्सिलोनाची जुनी माणसं सांगत राहिली. हरलेल्याला काहीतरी कारण लागतंच म्हणा. स्पेनमध्ये आजही त्या सामन्याला ‘चौकोनी खांबांची फायनल’ म्हणतात.

सुआरेझचा बार्सिलोनासाठीचा हा शेवटचा मोठा सामना. नव्या मैदानापायी क्लब कर्जात बुडाला होता. जुन्या मैदानाची जागा विकून पैसा उभा करायचा बेत परवानग्यांत अडकून पडला होता. हेरेरा तोवर मिलानच्या इंटर क्लबमध्ये गेला होता आणि त्यानं मालक आंजेलो मोरातीकडे सुआरेझसाठी हट्ट धरला. मोराती तेल शुद्धीकरणातला बडा माणूस. त्यानं २५ कोटी लिरा मोजले. फुटबॉलच्या इतिहासातली तोवरची ही सर्वांत मोठी किंमत. कर्जाचा भार हलका झाला, पण बार्सिलोनाला पुढची लीग जिंकायला १९७४ उजाडलं. ज्याला शिट्ट्या मारल्या त्याची किंमत त्या लोकांना कळली असेल का? मला वाटतं, कळली असणार. चौदा वर्षं हा काही लहान काळ नव्हे.

मिलानमध्ये हेरेरानं सुआरेझला दोन पावलं मागे खेचलं. इथून त्याचं काम बदललं. इंटरचा खेळ बचावाचा : बचावफळीच्या मागे आणखी एक राखणदार उभा करायचा, समोरच्याला पुढे येऊ द्यायचं, चेंडू हिसकायचा आणि क्षणात पलटवार. हा पलटवार सुआरेझच्या पायातून सुटायचा. चाळीस-पन्नास मीटरचा पास धावत्या जाइरच्या, मात्सोलाच्या किंवा डाव्या बगलेनं चढणाऱ्या फाकेत्तीच्या पुढ्यात नेमका पडायचा. लोकांनी त्याला नाव दिलं ‘वास्तुविशारद’. इंटरच्या खेळाला लोक भित्रा म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तीन वेळा इटलीची लीग, १९६४ आणि १९६५ असा दोनदा युरोपियन कप, हे नुसता दरवाजा लावून बसून मिळत नाही. १९६७ मध्ये सेल्टिकविरुद्धच्या अंतिम सामन्यात सुआरेझ जखमी म्हणून बाहेर होता. इंटर २-१ हरलं.

आता १९६४. २७ मे रोजी व्हिएन्नात इंटरनं माद्रिदला ३-१ हरवलं. त्यानंतर पंचवीस दिवसांनी सुआरेझ माद्रिदच्या मैदानात उभा होता, स्पेनच्या शर्टात. देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, आणि समोर पुन्हा सोव्हिएत युनियन. या वेळी फ्रँकोला नाही म्हणता आलं नाही. तो स्वतः येऊन बसला, सोबत सुमारे ८० हजार प्रेक्षक. सहाव्याच मिनिटाला उजवीकडून सुआरेझचा क्रॉस आला आणि पेरेदानं गोल केला. दोन मिनिटांत बरोबरी झाली. ८४व्या मिनिटाला मार्सेलिनोनं डोक्यानं चेंडू लेव याशिनच्या जाळ्यात घातला. स्पेन विजेता. एकाच वर्षात युरोपियन कप आणि देशांचा करंडक, दोन्ही जिंकणारा सुआरेझ हा पहिला खेळाडू.

आणि इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. माझ्या जुन्या टिपणवहीत त्या विजयी गोलचा पास अमान्सिओच्या नावावर आहे. पास दिला होता पेरेदानं. झालं असं, की तिथल्या सरकारी वार्तापटाच्या कॅमेऱ्यात तो पास नीट टिपला गेला नव्हता. संकलकांनी सामन्यातल्या दुसऱ्याच वेळचं अमान्सिओचं चित्रण तिथे चिकटवलं. तो वार्तापट थेटराथेटरांतून दाखवला गेला आणि अख्ख्या देशानं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कित्येक वर्षं खरं मानलं. पेरेदानं स्वतः एक गोल केला, दुसरा करवला, आणि निम्मं श्रेय कात्रीत गेलं. त्या चित्रणावर विसंबून लिहिणाऱ्यांवर मी विसंबलो. वहीतली ती ओळ मी आता खोडली आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९७० ते १९७३ साम्पदोरियाकडून खेळून सुआरेझ थांबला. देशासाठी ३२ सामने, १४ गोल. नंतर प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली स्पेनचा २१ वर्षांखालील संघ १९८६ मध्ये युरोपविजेता ठरला, १९९०च्या विश्वचषकात मात्र मुख्य संघ युगोस्लाव्हियाकडून लवकर बाद झाला. शेवटपर्यंत तो मिलानमध्येच राहिला. स्पेनला पुढचा मोठा करंडक मिळाला थेट २००८ मध्ये. त्या संघातले झावी आणि इनिएस्ता हे त्याच्याच जातीचे मिडफिल्डर. दोघेही बॅलन डी’ओरच्या पहिल्या तिघांत आले, पहिले मात्र आले नाहीत. महिलांमध्ये आलेक्सिया पुतेयासनं २०२१ मध्ये स्पेनला तो मिळवून दिला. पुरुषांत सुआरेझ एकटाच राहिला.

२८ ऑक्टोबर २०२४ला पॅरिसमध्ये रोद्रीला बॅलन डी’ओर मिळाला. तोही मिडफिल्डरच. गुडघा दुखावलेला, त्यामुळे कुबड्या घेऊन आलेला. दुसरा पुन्हा माद्रिदचाच खेळाडू होता, आणि माद्रिदवाले रुसून समारंभालाच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. म्हणाला, ‘‘मामा, तुमचा तो सुआरेझ आज सगळ्या बातम्यांमध्ये आहे. न चावणारा.’’