काशीहून परतीची वाट : नाथ, हरिपंडित आणि एक न निघालेला बोलपट

डेव्हिड लिंच या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा १९९९चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातला म्हातारा विसरता येणार नाही. गोष्ट खरी घडलेली. १९९४ साली आयोवातला ७३ वर्षांचा अल्विन स्ट्रेट आजारी भावाला भेटायला विस्कॉन्सिनकडे निघाला. दृष्टी अधू झाल्यामुळे मोटार चालवता येत नव्हती, म्हणून गवत कापायच्या यंत्रावर बसून. सुमारे २४० मैलांची वाट, मागे दहा वर्षांचा अबोला. चित्रपटात भांडण फारसे उगाळलेले नाही, आणि शेवटी भेट होते तेव्हा दोघे भाऊ जवळजवळ गप्पच बसतात.

हा चित्रपट पाहिल्यापासून मला आमच्या जिल्ह्यातला एक बाप आठवत राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथले एकनाथ महाराज उतारवयात रुसलेल्या मुलाची समजूत घालायला काशीला गेले होते. सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटर, मध्ये नर्मदा, अर्धा मुलूख निजामशाहीचा आणि पुढचा अकबर बादशहाचा.

कथा बहुतेकांना कीर्तनातून ठाऊक असते. ती सविस्तर येते महिपतींच्या ‘भक्तलीलामृता’त. हा ग्रंथ १७७४चा, म्हणजे नाथांनंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेला. तेव्हा त्यातले प्रत्येक वाक्य इतिहास म्हणून घेता येत नाही. सांगितले आहे ते असे. नाथांचे पुत्र हरिपंडित संस्कृतात निष्णात झाले. वडील मराठीतून पुराण सांगतात आणि कुणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना सहन होईना. ते घर सोडून काशीला गेले. काही काळाने नाथ त्यांना आणायला गेले. मुलाने दोन अटी घातल्या : मराठीतून पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. बापाने दोन्ही मान्य केल्या आणि मुलाला घेऊन पैठणला परतले.

यानंतर कीर्तनकार लगेच हजार पत्रावळींच्या चमत्काराकडे वळतात. मला इथेच थांबावेसे वाटते, कारण त्या दोन अटी साध्या नव्हत्या.

मराठी हा नाथांचा निव्वळ शौक नव्हता. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका, अठरा हजारांवर ओव्यांची, पैठणला सुरू झाली आणि काशीत पूर्ण झाली. ग्रंथसमाप्तीची नोंद त्यांनी स्वतःच केली आहे : शके १४९५, कार्तिकी पौर्णिमा, वाराणसी, म्हणजे १५७३. संस्कृत तेवढी देवाची आणि मराठी मात्र हलकी, या समजुतीचा खरपूस समाचार त्यांनी याच ग्रंथाच्या आरंभी घेतला आहे. काशीच्या पंडितांनी आधी ग्रंथावर आक्षेप घेतला आणि मग त्याची मिरवणूक काढली, अशी कथा आहे. मिरवणूक बाजूला ठेवली तरी ग्रंथ तिथे पुरा झाला, हे निश्चित आहे. पुढे शके १५०६मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भारुडे वेगळीच.

आता तारखा शेजारी मांडून पाहा. नाथांचे जन्मसाल कुणी १५३३ धरतात, कुणी १५४८. कोणतेही घेतले तरी १५७३मध्ये हरिपंडित फार तर पोरसवदा असणार. ते पंडित होऊन घर सोडून गेले ते बऱ्याच नंतर. म्हणजे ज्या शहरात बापाने आपला मराठी ग्रंथ तडीस नेला, त्याच शहरात मुलगा बापाच्या मराठीची लाज वाटून येऊन राहिला. आणि त्याच शहरात बापाने मराठी सोडण्याचा शब्द दिला. घाट तेच. माझ्या मते या कथेतले सगळ्यांत मोठे दुःख हे आहे, आणि त्यावर कुठल्याच कीर्तनात फारसा मुक्काम होत नाही.

दुसरी अट अन्नाची. श्राद्धाचे अन्न नाथांनी अस्पृश्यांना वाढले, राणू महाराच्या घरी ते जेवले, या कथा प्रसिद्ध आहेत. त्यामागे बहिष्कार आला, प्रायश्चित्ताची भाषा आली. मुलाने घातलेल्या दोन अटींमध्ये पैठणच्या ब्रह्मवृंदाची सगळी फिर्याद मावते : कोणत्या भाषेत बोलावे आणि कुणाच्या पंक्तीला बसावे. फिर्याद जुनीच, फक्त आता ती पोटच्या मुलाच्या तोंडून आली.

हरिपंडितांना मात्र कर्मठ म्हणून निकालात काढण्याची जी रीत पडली आहे ती मला पटत नाही. त्या काळच्या हुशार पैठणकर तरुणाला काशी म्हणजे काय होती, हे पाहायला हवे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणहून रामेश्वरभट्ट काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, ‘त्रिस्थलीसेतु’कार, हे काशीच्या पंडितांचे अग्रणी. १५८५च्या सुमारास तोडरमलाच्या साह्याने विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे राहिले त्यात त्यांचा पुढाकार. नातू कमलाकरभट्टांनी १६१२मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. शिवराज्याभिषेकासाठी आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. धर्मशास्त्राचा हिंदुस्थानभर चालणारा शब्द मूळ पैठणच्या एका घरातून काशीत जाऊन निघत होता. अशा गावात वाढलेल्या विद्वान मुलाला, वडील अंगणात भारूड सांगतात आणि भोवती अठरापगड माणसे बसतात, याचे काय वाटत असेल? आपल्याकडे आज मुलगा परदेशात नावारूपाला येतो आणि गावाकडच्या बापाच्या बोलीने त्याला अवघडायला होते, तसेच काहीसे.

असो. पैठणला परतल्यावर वाड्यात हरिपंडित संस्कृतातून पुराण सांगू लागले. नाथ श्रोत्यांत. श्रोते हळूहळू कमी होत गेले, असे कथा सांगते. या दिवसांत नाथ काय करत होते, मुलाला काही बोलले का, याविषयी चरित्रकारांना फार रस नाही. पण शब्द मोडल्याचे कुणीच सांगत नाही.

मग ती म्हातारी येते. हजार ब्राह्मणांना जेवू घालण्याचा संकल्प आहे आणि घरात दारिद्र्य. नाथ एकटे जेवले तरी संकल्प फळेल, असे तिला सांगण्यात येते. परान्न तर सोडलेले. नाथ तोडगा काढतात : स्वयंपाक हरिपंडितांनी करावा. म्हणजे अन्न मुलाच्या हातचे, घर म्हातारीचे. जेवण झाल्यावर हरिपंडित नाथांची पत्रावळ उचलतात, तर खाली दुसरी. अशा हजार निघतात. मुलगा पाया पडतो, वडिलांनी पुन्हा मराठीतून सांगावे अशी विनंती करतो.

पत्रावळी ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने मोजाव्यात. मला त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. काशीत शिकलेला पंडित एका गरीब बाईच्या चुलीपुढे बसला आणि त्याने बापासाठी रांधले. समेट तिथेच झाला होता.

नाथांवर बोलपट निघाला तो १९३५ साली : प्रभातचा ‘धर्मात्मा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम. नाव आधी ‘महात्मा’ ठेवले होते. गांधीजींचा संदर्भ नको म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावले. जन्मभर स्त्रीभूमिका गाजवलेले बालगंधर्व वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नाथ म्हणून पडद्यावर आले. हा त्यांचा पहिला बोलपट आणि प्रभातबरोबरचा एकमेव. चित्रपटाचा भर साहजिकच अस्पृश्यतेवर आणि सनातन्यांशी होणाऱ्या संघर्षावर होता. पुणे करार होऊन तीनच वर्षे झाली होती, आणि त्याच १९३५च्या ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्या काळाला नाथांकडून वाद जिंकून हवा होता. तो हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाद जिंकलेले नाथ पाहायला मिळाले तरी घरात हरायला तयार झालेले नाथ राहून गेले. काशीची वाट चालणारा बाप, परतीच्या प्रवासात बरोबर चालणारे दोघे, रोजचा मुक्काम, वाटणीची शिदोरी : यावर कुणी चित्रपट काढायचा म्हटले तर संवाद फार लागणार नाहीत.

नाथांच्या लेकीचा मुलगा म्हणून परंपरा ज्यांना ओळखते ते मुक्तेश्वर पुढे महाभारत मराठीत सांगू लागले. शके १५२१मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. त्यांच्या पादुका घेऊन पंढरीची आषाढी वारी सुरू केली ती हरिपंडितांनी, असे पैठणची परंपरा मानते. ती पालखी आजही ज्येष्ठात पैठणहून निघते, पायी, आणि वाटेत जे म्हटले जाते ते मराठीतच.