वैद्यकीय अध्यापन, सांगली-सातारा परिसरातील

वैद्यकीय अध्यापन, सांगली-सातारा परिसरातील : डॉक्टर, परिचारिका व तत्सम आरोग्यसेवक घडविण्याची कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांतील परंपरा. तिचा आरंभ कोणत्याही विद्यापीठाच्या सनदेने किंवा सरकारी ठरावाने झाला नाही. पटवर्धनांच्या मिरज संस्थानातील एका मिशन-दवाखान्यात, रुग्णांच्या खाटांमधल्या अरुंद वाटेवर तो झाला. पुढे सरकारी व खाजगी महाविद्यालये निघाली, अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे स्वतंत्र शास्त्र उदयास आले आणि अखेरीस पडद्यावरचे वर्गही भरू लागले, तरी या परिसरातील अध्यापनाचे गुणदोष पारखावयाचे तर त्या खाटेपासूनच मोजणी सुरू करणे सयुक्तिक ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या सातारकर किंवा सांगलीकर तरुणास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची (स्थापना १८४५) अथवा पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलची वाट धरावी लागे. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन तो मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला होता, तर सांगली, मिरज, जत आदी संस्थानांत आरोग्याची तजवीज ज्या त्या दरबाराच्या ऐपतीवर आणि मर्जीवर अवलंबून असे. देशी वैद्यकाचे अध्ययन गुरुगृही चालू होतेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साताऱ्यास निघालेल्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाने आयुर्वेद व आधुनिक वैद्यक यांची एका छपराखाली सांगड घालण्याचा जो प्रयत्न केला, तो या देशी परंपरेचाच विस्तार होय. त्याची हकिकत स्वतंत्र नोंदीस पात्र असल्याने येथे तिचा केवळ निर्देश पुरेसा आहे.

वानलेस, सर विल्यम जेम्स (१ मे १८६५–३ मार्च १९३३) : कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात जन्मलेले आणि न्यूयॉर्क येथे वैद्यकाची पदवी संपादन केलेले वानलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या वतीने सपत्नीक हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीत दवाखाना थाटून, लवकरच त्यांनी आपले ठाणे मिरजेस हलविले. हे स्थलांतर दूरदृष्टीचे ठरले. पुणे, बेळगाव व कोल्हापूर या तिन्ही बाजूंच्या लोहमार्गांचा संगम मिरजेत होत असल्याने कर्नाटकातील आणि घाटमाथ्यावरील रुग्ण गाडीतून उतरून थेट दवाखान्याच्या दारी येऊ लागले. संस्थानाधिपतींनी दिलेल्या जमिनीवर १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले, आणि ज्यास आजही जुनी मिरजकर माणसे नुसते ‘मिशन’ म्हणतात त्या संस्थेचा पाया पडला. मोतीबिंदू, मुतखडा व पोटाच्या शस्त्रक्रियांमुळे वानलेस यांचा लौकिक एवढा पसरला की एकट्या शस्त्रवैद्याच्या दोन हातांना तो भार पेलणे अशक्य झाले. अध्यापक वानलेस यांचा जन्म या अडचणीतून झाला.

१८९७ मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकशाळा काढली. हिंदुस्थानातील ही पहिली मिशनरी वैद्यकशाळा असे लिहिण्याचा प्रघात आहे. तथापि एडिथ ब्राऊन यांनी स्त्रियांसाठी लुधियाना येथे १८९४ मध्येच अशी शाळा सुरू केली होती, हे लक्षात घेता ते विधान सावधपणे वाचावे. पहिलेपणाच्या वादापेक्षा शाळेचे स्वरूप अधिक उद्बोधक आहे. आधी महाविद्यालय काढावयाचे आणि मग शिकवण्याच्या सोयीसाठी त्यास रुग्णालय जोडावयाचे, हा विद्यापीठीय शिरस्ता येथे उलटा झाला होता. रुग्णालय आधीच चालू होते, त्याला माणसे हवी होती, आणि ती माणसे बाहेरून मिळत नसल्याने तेथेच शिकवून तयार करणे भाग होते. साहजिकच विद्यार्थ्याची गणना पहिल्या दिवसापासून कामकऱ्यांत होई. तो जखमा बांधी, औषधे खली, शस्त्रक्रियेच्या वेळी हत्यारे हाती देई, आणि या सर्व उठाठेवीत शरीरशास्त्र शिके. अशा शिक्षणात पाठांतराला फार वाव नसतो, पण गुरूच्या चुका आणि लकबी शिष्याच्या हाती जशाच्या तशा उतरण्याचा धोका असतो, हेही नमूद करणे अवश्य आहे. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि विद्यार्थ्यांची निवड त्या हेतूपासून अलिप्त नव्हती, हे त्या काळच्या वाचकासही ठाऊक होते; त्याबद्दलची तत्कालीन नाराजी गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण दुखणेकऱ्यांच्या रांगेत सर्व जातिधर्मांची माणसे असत, ही गोष्टही तितकीच खरी.

खाटेजवळचे अध्यापन म्हणजे नेमके काय, हे एका लहानशा क्रियेवरून ध्यानात येईल. छातीत पाणी झालेल्या रुग्णाच्या पाठीवर डाव्या हाताचे मधले बोट घट्ट टेकवून त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाने, मनगट सैल ठेवून, टकटक करीत खाली खाली यावयाचे. फुप्फुसावर पोकळ नाद येतो आणि पाण्याची पातळी लागताच तो एकाएकी बद्द होतो. हा फरक ग्रंथात दोन ओळींत सांगता येतो, पण शिक्षकाने विद्यार्थ्याचे बोट धरून ते दोन-चार वेळा पाठीवर दाबल्याखेरीज कानाला तो सहसा कळत नाही. क्षयरोग्यांसाठी सांगली व मिरज यांच्या दरम्यान जे आरोग्यधाम निघाले, आणि ज्याच्या भोवतालच्या वस्तीस वानलेसवाडी हे नाव पडले, तेथे हे शिक्षण देण्यास उदाहरणांची वाण नव्हती. कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाची स्थापनाही वानलेस यांच्याच काळातील.

जवळजवळ चार दशके सेवा करून वानलेस १९२८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. रुग्णालयाची धुरा त्यांचे सहकारी चार्ल्स व्हेल यांजकडे आली. वानलेस यांचे आत्मवृत्तपर पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या इंग्रजी शीर्षकात या कॅनडात जन्मलेल्या गृहस्थांनी स्वतःस ‘अमेरिकन डॉक्टर’ म्हणविले आहे, यावरून मिशनशी त्यांची एकरूपता दिसते. कॅलिफोर्नियात त्यांचे देहावसान झाले.

सरकारी व खाजगी महाविद्यालये : भोर समितीने (१९४३–४६) दुय्यम दर्जाच्या परवानाधारक डॉक्टरांचे अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवावी अशी शिफारस केली, तेव्हा मिरजेसारख्या लहान वैद्यकशाळांचा पायाच खचला. तर्काच्या दृष्टीने समितीचे म्हणणे बिनतोड होते. खेड्यापाड्यांत जाऊन बसणारा कमी शिकलेला डॉक्टर मात्र त्यामुळे नाहीसा झाला आणि त्याची जागा पदवीधराने भरून काढली नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिरजेतच १९६२ मध्ये निघाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी ते दीर्घकाळ संलग्न राहिले, आणि नाशिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर त्याच्या कक्षेत गेले. मिरजेचे रुग्णालय व सांगलीचे ‘सिव्हिल’ अशा दोन ठिकाणी विद्यार्थ्यांच्या फेऱ्या चालत असल्याने दोन शहरांमधील रस्ता हा या महाविद्यालयाचा एक अनधिकृत वर्गच आहे, असे तेथील माजी विद्यार्थी गमतीने म्हणतील. कऱ्हाडनजीक मलकापूर येथे जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले व २००५ मध्ये त्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. मूळचे सांगली जिल्ह्यातील सोनसळचे पतंगराव कदम यांच्या भारती विद्यापीठाने २००५ मध्ये सांगलीस जे महाविद्यालय काढले, ते वानलेसवाडीच्याच परिसरात आहे. साताऱ्याचे सरकारी महाविद्यालय अगदी अलीकडचे, २०२१–२२ चे.

अध्यापकांचे अध्यापन : उत्तम डॉक्टर हा आपोआप उत्तम शिक्षक असतो, ही समजूत वैद्यकात फार काळ निर्वेधपणे टिकली. तिला पहिला सुरुंग अमेरिकेत बफेलो येथे जॉर्ज मिलर यांनी लावला. ‘माहीत असणे’, ‘कसे करावे हे माहीत असणे’, ‘करून दाखविणे’ आणि ‘प्रत्यक्ष कामात करणे’ अशा चार पायऱ्यांची जी उतरंड त्यांनी १९९० मध्ये मांडली, ती आज वैद्यकीय शिक्षणाच्या प्रत्येक कार्यशाळेत फळ्यावर काढली जाते. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली स्थानकनिहाय परीक्षाही याच प्रवाहातली. या परीक्षेत विद्यार्थी घंटेबरोबर एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकतो, एके ठिकाणी रक्तदाब मोजतो, दुसरीकडे क्ष-किरणचित्र वाचतो, तिसरीकडे खोटे दुखणे घेऊन बसलेल्या माणसाची विचारपूस करतो, आणि परीक्षक आधी ठरविलेल्या तक्त्यावर खुणा करीत जातो. पूर्वीच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या लहरीला जी मोकळीक असे ती येथे पुष्कळ आटोक्यात येते. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहिले की केवळ तक्त्याकडे, हे सांगणारा रकाना अद्याप कोणी नीट आखलेला नाही.

महाराष्ट्रात या विचाराला संस्थात्मक रूप आले ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. फिलाडेल्फिया येथील ‘फेमर’ या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथे २००५ मध्ये प्रादेशिक केंद्र निघाले. शल्यचिकित्सक व पुढे त्या महाविद्यालयाचे अधिष्ठाते झालेले अविनाश सुपे यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. केंद्राच्या पाठ्यवृत्तीची रचना लक्षणीय होती. निरनिराळ्या महाविद्यालयांतील अध्यापक थोडे दिवस एकत्र येत, आपापल्या संस्थेत राबवावयाचा एखादा शैक्षणिक प्रकल्प ठरवीत, आणि उरलेले महिने परस्परांपासून शेकडो मैल दूर असतानाही ई-मेलवरील चर्चांतून एकमेकांचे काम तपाशीत. दूरस्थ अध्ययनाची वैद्यकीय अध्यापकांना झालेली पहिली खरी ओळख हीच म्हणावी लागेल. आणि ती यशस्वी झाली याचे कारण तंत्रापेक्षा प्रत्येकाच्या हाती असलेल्या प्रत्यक्ष प्रकल्पात होते. पुढे भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने अध्यापकांसाठी मूलभूत कार्यशाळा सुरू केल्या, २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम अमलात आणला, आणि २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय आयोगाने घेतली. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याला रुग्णासमोर न्यावे, हे नव्या अभ्यासक्रमातील एक ठळक कलम आहे. मिरजेच्या वैद्यकशाळेत १८९७ साली ते गरजेपोटी घडत होते.

ऑनलाइन अध्यापन : मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली, त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे एका कुटुंबात करोनाची लागण आढळली आणि मिरजेचे सरकारी रुग्णालय त्या साथीच्या उपचारांत गुंतले. एकीकडे वॉर्ड रुग्णांनी भरलेले आणि दुसरीकडे विद्यार्थी घरी पाठविलेले, असा विपरीत योग आला. व्याख्याने झूम किंवा गूगल मीटवर होऊ लागली. रेंजसाठी गच्चीवर जाऊन बसलेला विद्यार्थी, डेटा वाचवण्यासाठी कॅमेरा बंद ठेवलेली नावांची रांग, आणि ‘ऐकू येतंय का’ या प्रश्नाने प्रत्येक तासाचा होणारा आरंभ, हे त्या दिवसांचे चित्र राज्यातील कोणत्याही महाविद्यालयाहून निराळे नव्हते. जीवरसायनशास्त्राची व्याख्याने या मार्गाने बरी झाली. काहींच्या मते वर्गापेक्षाही बरी, कारण ती पुन्हा पाहता येत. शवविच्छेदन व रुग्णतपासणी यांचा मात्र पुरता खोळंबा झाला. चित्रफितीत दुसऱ्याचे बोट छातीवर वाजताना पाहून आपल्या कानाला तो बद्द नाद ओळखता येत नाही, एवढे उघड झाले. टाळेबंदी उठल्यावर विद्यार्थी परतले ते उत्तरे तोंडपाठ घेऊन. त्यांच्या हातांना सराव देण्यासाठी अध्यापकांना जादा फेऱ्या लावाव्या लागल्या.

तरीही पडद्यावरील शिक्षण साथीबरोबर ओसरले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील राष्ट्रीय रोगपरिस्थितिविज्ञान संस्थेने तयार केलेला जीववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम ऑनलाइनच द्यावा लागतो आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांस तो बंधनकारक आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनींसाठी दुसरी एक सोय याच प्रदेशातून झाली आहे. मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सातारा जिल्ह्यातील वाई येथे सुरू झाले व त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आता त्या विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांतर्फे परिचर्येवरील मराठी नोंदी ऑनलाइन उपलब्ध होत आहेत. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि रुग्ण मराठीत किंवा सीमेलगतच्या कानडीत बोलणारा, अशा कोंडीत रात्रपाळी करणाऱ्या मुलीस मराठीत लिहिलेली चार पानांची नोंद इंग्रजी व्याख्यानाच्या तासाभराहून अधिक कामाची ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या नोंदी आजमितीस संख्येने थोड्या आहेत आणि त्या लिहिण्यास धजणारे अध्यापकही थोडेच आहेत. बढतीसाठी आयोगाने २०२२ च्या नियमांत वैद्यकीय शिक्षणतंत्राचा व संशोधनाचा असे दोन अभ्यासक्रम आवश्यक केले, शोधनिबंधांची गणती ठेवली. विद्यार्थ्याचे बोट धरून ते रुग्णाच्या पाठीवर टेकवण्यात घालवलेल्या तासांना, अथवा मराठीत लिहिलेल्या नोंदीला, सेवापुस्तकात रकाना नाही.