निजामशाहीची वाटणी (१६३६)

मोगल बादशहा शाहजहान आणि विजापूरचा मुहम्मद आदिलशहा यांच्यात मे १६३६ मध्ये झालेला तह. या तहाने अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) निजामशाही राज्य कायमचे बुडाले. ज्याचे राज्य वाटले गेले तो निजामशहा या तहात पक्षकारच नव्हता. शेजाऱ्याचा बळी देऊन स्वतःपुरती शांतता पदरात पाडून घेण्याचे दख्खनच्या इतिहासातले हे सर्वांत ठळक उदाहरण होय.

मलिक अहमदने १४९० मध्ये स्थापलेल्या या राज्याला मोगलांना मुलूख देऊन गप्प बसवता येत नाही याचा अनुभव आधीच आला होता. १५९६ मध्ये चांदबिबीने नगरचा किल्ला झुंजवून राखला, पण तहात वऱ्हाड सोडावे लागले. चारच वर्षांनी किल्लाही पडला. निजामशाही ही आपली उत्तरेकडची भिंत आहे, हे विजापूरला ठाऊक होते. १५९७ मध्ये गोदावरीकाठी आदिलशाही सरदार सुहेलखान मोगलांशी लढला तो त्यामुळेच. तरीही १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला आदिलशाही फौज मोगलांच्या बाजूने उतरली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने दोघांचाही धुव्वा उडवला. त्या लढाईत निजामशाहीचे सरदार शहाजीराजे यांचे बंधू शरीफजी कामी आले.

अंबर १६२६ मध्ये वारला आणि राज्य आतूनच पोखरले गेले. त्याचा मुलगा फत्तेखान याने निजामशहाला मारून एका अल्पवयीन मुलाला गादीवर बसवले. जून १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतला आणि तो बालशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. शहाजीराजांनी तरीही हार मानली नाही. निजामशाही घराण्यातील आणखी एका मुलाला, मुर्तजाला, त्यांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या गडावर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. शहाजीराजे त्याला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसले, असे परंपरा सांगते. पुढची सुमारे तीन वर्षे त्यांनी हे राज्य जिवंत ठेवले. विजापूरच्या दरबारातील खवासखान आणि मुरार जगदेव यांचा त्यांना आधार होता.

हा आधार आधी विजापुरातच तुटला. मोगलांशी जुळवून घ्यावे असे म्हणणाऱ्या मुस्तफाखानाच्या गटाची सरशी झाली आणि १६३५ मध्ये खवासखान व मुरार जगदेव दोघेही मारले गेले. १६३६ च्या आरंभी शाहजहान स्वतः दौलताबादला येऊन बसला आणि त्याच्या फौजांनी आदिलशाही मुलूख उजाड करायला सुरुवात केली. अशा दडपणाखाली तह झाला. आदिलशहाने बादशहाचे वर्चस्व मानून वीस लाख रुपये द्यायचे. त्याबदल्यात परांडा, सोलापूर यांसह निजामशाहीचा मोठा मुलूख त्याला मिळायचा. शहाजीराजे जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांना देत नाहीत तोवर त्यांना थारा द्यायचा नाही, असेही ठरले. शाहजहानने आपल्या वचनाच्या पत्रावर कुंकवात बुडवलेल्या पंजाचा ठसा उमटवून दिला.

लगेच मोगल सरदार खानजमान आणि आदिलशाही सरदार रणदुल्लाखान मिळून शहाजीराजांच्या पाठीवर निघाले. कालपर्यंत ज्यांच्या बळावर ते लढत होते, तेच आता वेढा घालणाऱ्यांत होते. ठाणे जिल्ह्यातील माहुली गडावर १६३६ च्या अखेरीस त्यांना मुर्तजाला मोगलांच्या हवाली करावे लागले. ते आदिलशाही चाकरीत गेले. पुणे-सुप्याची जहागीर मात्र त्यांच्याकडे राहिली. मराठी पुस्तकांत हा सारा प्रसंग शिवचरित्राची प्रस्तावना म्हणून दोन ओळींत उरकला जातो, हे शहाजीराजांवर अन्याय करणारे आहे.

या तहाची तुलना १९३८ च्या म्युनिक कराराशी करता येते. तिथेही चेकोस्लोव्हाकियाला बोलणीत जागा नव्हती आणि त्याचा दोस्त फ्रान्स त्याचे लचके तोडायला संमती देऊन मोकळा झाला. मात्र आदिलशहाची भूमिका फ्रान्सपेक्षा पोलंडच्या अधिक जवळची होती. पोलंडने त्या पडझडीत टेशेनचा प्रदेश बळकावला आणि वर्षभरातच त्याच्यावर हिटलरचे रणगाडे चालून आले. त्याच १९३८ च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकिया पाहून आलेल्या जवाहरलाल नेहरूंनी म्युनिकचा कडाडून निषेध केला होता. पुढे १९४२ ते १९४५ ते नगरच्याच किल्ल्यात स्थानबद्ध होते.

पोलंडपेक्षा विजापूरला अधिक मुदत मिळाली. १६३६ मध्येच दख्खनचा सुभेदार झालेल्या औरंगजेबाने १६५७ मध्ये आदिलशाहीचे बीदर आणि कल्याणी घेतले, आणि सप्टेंबर १६८६ मध्ये सिकंदर आदिलशहाकडून खुद्द विजापूर घेतले. त्या वेळी उत्तरेकडून मदतीला येईल अशी निजामशाही उरलेली नव्हती.