बाष्पीभवन आणि उंचावरील सरोवरे

बाहेर वाहून जायला वाट नसलेल्या सरोवराचे पाणी मुख्यतः वाफ होऊनच जाते. आवक वाढली की सरोवर पसरते. पसरले की ऊनवाऱ्याला अधिक पृष्ठभाग मिळतो आणि बाष्पीभवनही वाढते. आवक आणि वाफ यांची बरोबरी होईल तिथे काठ स्थिरावतो. तळ उथळ व पसरट असेल, तर पातळी हातभर उतरली तरी काठ खूप आत सरकतो.

उंचीवर हवा कोरडी व विरळ, ऊन प्रखर आणि वारा सततचा, त्यामुळे पाणी झपाट्याने उडते. थंडी आणि हिवाळ्यातला बर्फाचा थर मात्र ते रोखून धरतात.

लडाखमध्ये ४,५०० मीटरपेक्षा उंचावरच्या त्सो कारभोवती डोंगरउतारांवर जुन्या काठांच्या रेषा आजही दिसतात. शेजारच्या स्तार्तसापुक त्सोचे पाणी त्सो कारमध्ये वाहते, म्हणून ते गोडे राहिले. त्सो कारला वाट नाही, म्हणून ते खारे झाले. आकाश तेच, ऊनही तेच. दक्षिण अमेरिकेतले टिटिकाका सरोवर सुमारे ९० टक्के पाणी वाफेत गमावते. त्याच खोऱ्यातले बोलिव्हियातील उथळ पूपो २०१५ मध्ये कोरडे पडले. त्यामागे दुष्काळ होता, तसेच सिंचन व खाणींसाठी वळवलेले पाणीही होते.

महाराष्ट्रात हे गणित पाहावे ते बुलडाणा जिल्ह्यातील लोणारला. ते फार उंचावर नाही, पण उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या त्या विवरातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाऊस आणि झरे पाणी आणतात, ऊन ते नेते, क्षार मात्र मागेच राहतात. जून २०२० मध्ये पातळी घटून खारेपणा वाढला आणि पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेले नमुने स्थिर ठेवताच रंगीत हॅलोआर्किया सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.

खारट पाणी गोड्या पाण्यापेक्षा सावकाश आटते. तरीही ठाणे खाडीकाठी मिठागरांत माणसाने बाष्पीभवनाचीच क्रिया कामाला लावली: भरतीचे पाणी उथळ कप्प्यांत अडवायचे, उन्हात आटू द्यायचे आणि मीठ ओढून घ्यायचे.

तापमान वाढले म्हणजे प्रत्येक सरोवर आटतेच असे नाही. तिबेटमधील सिलिंग त्सो गेल्या काही दशकांत उलट बरेच पसरले, कारण आवक बाष्पीभवनावर भारी पडली. म्हणून लोणारलाही केवळ पातळी मोजून भागणार नाही. झऱ्यांचा प्रवाह आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी यांची नोंदही नियमित व्हायला हवी.